पोहता येणारी एक व्यक्ती

नदीवर जायचं पक्कं झालं ते रविवारी सकाळी, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत घरातल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप घेऊन झालं होतं.

मापं घेणारा घरचाच, घरातल्या आजींचा, म्हणजे तिकीटबाईंचा मुलगा. लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवायचा त्याचा धंदा, आणि मोजपट्टी खिशात नसली की त्याला अंगात शर्ट नसल्यासारखं वाटायचं. राफ्टिंगच्या कंपनीने फोनवर एवढंच सांगितलं होतं की एका राफ्टमध्ये गाइड सोडून सहाजण बसतात, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. तेवढ्यावर गप्प बसेल तर तो कसला! त्याने जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरून राफ्टचं चित्र काढलं. वरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते आणि, का कोण जाणे, खालून कशी दिसते. मग एकेकाला उभं करून पट्टी फिरवली. त्याच्या काकांची, म्हणजे तिकीटबाईंच्या धाकट्या दिरांची पाळी आली तेव्हा त्यांनी श्वास रोखून पोट आत घेतलं.

"काका, राफ्टमध्ये दोन तास असेच बसणार आहात का?"

"माणसं बघत असतील तर बसेन की," भाऊजी म्हणाले.

हा सगळा खटाटोप भिंगरीसाठी होता. भिंगरी म्हणजे मुलाची मुलगी, वय वर्षं आठ. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून हे नाव. तिच्या वर्गातली एक मुलगी राफ्टिंग करून आली होती आणि तेव्हापासून भिंगरीने घर डोक्यावर घेतलं होतं. जेवताना, दात घासताना, बूट घालताना तिचा एकच प्रश्न, "आपण कधी?" तिची आई दातांच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर परक्या माणसांना 'आ करा' म्हणून सांगणारी ती बाई घरी येऊन लेकीला तोंड मिट म्हणून विनवायची. सहा महिन्यांनी सगळ्यांनी हात टेकले आणि तारीख ठरली.

कंबरा मोजून झाल्यावर मुलाने कंपनीचा फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, वजन, चष्मा आहे का, पोहता येतं का.

"बाबा, पोहता येतं?"

तिकीटबाईंच्या यजमानांचं चष्म्यांचं दुकान होतं. जगातल्या प्रत्येक प्रश्नाकडे ते चष्म्याच्या बाजूने बघत. "चष्मा काढला की मला पाणीच दिसत नाही. पोहू कशात?"

'नाही' असं लिहिलं गेलं. सुनेने मान हलवली, तिच्यापुढे 'नाही'. भाऊजी म्हणाले, "मला पाण्यात उभं राहता येतं." त्यांच्यापुढेही 'नाही'. स्वतःपुढे 'नाही' लिहिताना मुलगा जरा ओशाळला, कारण त्याची आई शहरातल्या जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीवर अठ्ठावीस वर्षं बसत होती. पण घरातलंच माणूस तलावावर असलं की पोहायला उद्याही शिकता येतं, परवाही येतं, आणि असं करता करता मिशा फुटतात.

आईपुढे त्याने मान वर न करता लिहिलं, 'उत्तम'. मग फॉर्मच्या तळाचा नियम मोठ्याने वाचला. "दहा वर्षांखालील मुलासोबत त्याच राफ्टमध्ये पोहता येणारी किमान एक प्रौढ व्यक्ती हवी. आई आहे. झालं, प्रश्नच मिटला."

आता खरं काय ते सांगून टाकतो. तिकीटबाईंना पोहता येत नव्हतं. उत्तम सोडा, साधंसुद्धा नाही. तलावावर नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी त्यांना वेळ झाला नाही, पाचव्या वर्षी लाज वाटली आणि दहाव्या वर्षी लोकांना वाटू लागलं होतं की यांना येतच असणार. खिडकीतून त्या पोहणाऱ्यांच्या चुका अचूक दाखवत. कोण मान फार वर काढतंय, कोणाचे पाय नुसतेच फडफडतायत, सगळं त्यांना कळे. ज्याला चूक कळते त्याला येत असणारच, असं लोक धरून चालतात. तुम्हीआम्हीही चालतो.

शिवाय भाऊजी होते. भाऊजींचं केस कापायचं दुकान होतं, आणि खुर्चीत मान अडकलेल्या माणसाला गोष्ट ऐकण्यावाचून गत्यंतर नसतं. वीस वर्षांपूर्वी तलावाच्या लहान मुलांच्या भागात एक पोर घसरून पडली होती आणि तिकीटबाईंनी खिडकीतून धावत जाऊन तिला उचललं होतं. पाणी गुडघाभर. भाऊजींच्या दुकानात पहिल्या वर्षी ते कमरेपर्यंत आलं, पुढच्या दिवाणखान्यातल्या मैफलीत गळ्यापर्यंत, आणि अलीकडे तर वहिनींनी सूर मारला होता. तिकीटबाई दर वेळी म्हणत, "अहो, कुठलं काय!" हे त्या इतक्या हळू म्हणत की ऐकणाऱ्याला तो विनय वाटे. खरं तर त्यांना ते ऐकायला आवडायचं. घरात सगळ्यांचे धंदे होते, सगळ्यांना काही ना काही करता यायचं. त्या फक्त तिकिटं फाडायच्या.

"अरे, जरा ऐक," त्या मुलाला म्हणाल्या. पण तेवढ्यात भिंगरीने त्यांच्या गळ्यात उडी घेतली. "आजी आहे म्हणून मला जाता येणार! आजी नसती तर नसतं जाता आलं! हो ना बाबा?" तिकीटबाईंच्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं, आणि मुलाने पेनाचं टोपण लावलं.

त्यांच्या हातात पंधरा दिवस होते.

तलावावर पोहायला शिकवणारी एक तरुण मुलगी होती. गळ्यात शिट्टी, तोंडात शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणत. सहा वर्षं तिकीटबाई तिला उशिरा येण्यावरून, ओल्या पायांनी खिडकीपर्यंत चालण्यावरून बोल लावत आल्या होत्या. सोमवारी सकाळी तलाव उघडायच्या तासभर आधी त्या शिट्टीपुढे उभ्या राहिल्या. अंगात उधारीचा पोहण्याचा पोशाख, त्यावर स्वतःचा कोट, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"पंधरा दिवसांत पोहायला येईल का गं?"

शिट्टीच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. "तुम्हाला? तुम्हाला येत नाही?"

"जरा हळू. आणि दात काढू नकोस."

शिट्टीने दात काढले नाहीत. तिने एकदा दरवाज्याकडे बघितलं, कोणी नाही ना याची खात्री केली आणि म्हणाली, "टोपी कुठेय?"

"कसली टोपी?"

"टोपीशिवाय तलावात प्रवेश नाही. पाटी तुम्हीच रंगवलीय, तिकीटबाई."

पहिले तीन दिवस तिकीटबाईंनी कठडा सोडला नाही. चौथ्या दिवशी एक हात सोडला. सहाव्या दिवशी दुसराही सोडला आणि त्या विटेसारख्या सरळ खाली गेल्या. शिट्टीने दंडाला धरून वर काढलं. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, टोपी कुठल्या कुठे.

"तुम्ही पाण्याला सारखं सांगत बसता, असं नको, तसं नको," शिट्टी म्हणाली. "अंग सोडा. पाण्याला त्याचं काम करू द्या."

"अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगायचंच काम केलंय मी."

"ते खिडकीत. इथे गप्प राहायचं."

बाराव्या दिवसापर्यंत तिकीटबाईंची प्रगती एवढी झाली की लाइफ जॅकेट चढवून त्या पाठीवर पडू शकत. पाय पुढे, हनुवटी वर, डोळे छताला. जॅकेट काढलं की पुन्हा वीट. पोहणं म्हणतात ते हे नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चुका ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतंच.

घरी केस ओले बघून कोणाला काही वाटलं नाही. तलावावरून आलेल्या बाईचे केस ओलेच असायचे, असा घराचा समज होता.

निघायच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी दिवाणखान्यात रंगीत तालीम ठरली. मुलाने गादी जमिनीवर टाकून तिच्यावर चिकटपट्टीने सहा जागा आखल्या. प्रत्येकाच्या कमरेच्या मापाने आखल्यामुळे भाऊजींच्या जागेत भिंगरी दोनदा बसली असती. वल्ह्यांच्या ऐवजी झाडू, पुसणी आणि एक क्रिकेटची बॅट. चष्मेवाल्यांनी चष्मे पाण्यात पडू नयेत म्हणून दोऱ्या करून आणल्या होत्या, सहा माणसांना सहा. घरात चष्मे दोघांनाच होते, पण ते म्हणाले, "ऐनवेळी नंबर लागला तर?" भाऊजी मागे गाइडच्या जागी बसायला बघत होते, त्यांना उठवून पुढे पाठवलं.

"पुढे!" मुलगा ओरडला, आणि झाडू पुढे गेले. "मागे!" झाडू मागे आले, सुनेचं पुसणं सासऱ्यांच्या कानाला लागलं. "सॉरी बाबा!" "काही नाही, चष्मा शाबूत आहे."

"आता लाट!" मुलाने गादीचा कोपरा उचलून गदागदा हलवला. लाट आली की आत वाकायचं आणि बाजूचा दोर घट्ट धरायचा, असं कंपनीने सांगितलं होतं. दोराच्या जागी गादीची किनार होती. सगळे आत वाकले, सगळ्यांनी किनार धरली. भिंगरीने तेवढे दोन्ही हात वर केले आणि खिदळत मागच्या मागे उशांवर जाऊन पडली.

"धर म्हटलं ना!" सून ओरडली.

दुसरी लाट आली आणि भिंगरी पुन्हा हात वर करून धाडकन पडली. तिसऱ्या लाटेलाही तेच.

"अगं कार्टे, धरत का नाहीस?"

"मी कशाला धरू?" उशांतून डोकं काढत भिंगरी म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. "आजी काढेल ना मला. त्या पोरीला नाही का काढलं, डोक्यावरून पाणी होतं तरी? मी मुद्दाम पडणारे. मग आजी सूर मारेल आणि सगळे बघतील."

सगळे हसले. हसल्या नाहीत त्या फक्त तिकीटबाई. इतके दिवस त्यांना भीती होती ती आपलं हसं होण्याची. या पोरीने दोर धरायचाच नाही असं ठरवून टाकलंय, आपल्या जिवावर, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी हातातला झाडू खाली ठेवला.

"मला पोहता येत नाही," त्या म्हणाल्या.

"आई, आता तू सुरू करू नकोस," मुलगा हसत म्हणाला.

"येत नाही. कधीच येत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत मी पाण्यात उतरले ती गेल्या पंधरवड्यात. जॅकेट घालून पाठीवर पडता येतं, तेवढंच."

मुलाच्या हातात गादीचा कोपरा तसाच राहिला होता.

"पण मी 'उत्तम' लिहिलंय," तो म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काही सुचेना.

"अगं, पण तुझ्या केसांना तलावाचा वास येतो रोज," चष्मेवाले म्हणाले.

"खिडकी तलावाला लागून आहे. तिथे बसलेल्या मांजरालाही येतो."

भाऊजींनी हळूच विचारलं, "वहिनी, ती पोर पडली तेव्हा पाणी नक्की किती होतं?"

"गुडघाभर, भाऊजी. तेही तिच्या गुडघ्यापर्यंत. चूक तुमची नाही. मी तुम्हाला अडवायला हवं होतं. मला ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून नाही अडवलं."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. "मी परवाच एका गिऱ्हाइकाला दोन पुरुष खोल सांगितलं," ते स्वतःशीच म्हणाले.

भिंगरी उशांमध्ये उभी होती. तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग विचारलं, "म्हणजे आता आपण नाही जायचं?" पोहता येणारी किमान एक व्यक्ती हवी होती आणि घरात अशी एकही नव्हती. भिंगरी रडली नाही की तिने आदळआपट केली नाही. नीट चालत आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला असं नीट चालताना घरात कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना तिने काहीच विचारलं नाही. तिकीटबाईंना सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

आता खिडकीवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, ती बाकीच्यांना कळत नाही. पाटीवर लिहिलेलं असतं ते येणाऱ्या शंभर माणसांसाठी. एकशेएकावा माणूस खिडकीशी येऊन आपलं खरं काय ते नीट सांगतो, तेव्हा आतल्या बाईला पाटीवर न मावलेलं काहीतरी आठवतं. तिकीटबाईंना स्वतःला ते कितीदा आठवलं होतं. त्यांनी मुलाकडून नंबर घेतला आणि राफ्टिंगच्या कंपनीला फोन लावला.

"आमच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे 'उत्तम' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ते खोटं आहे, ते खोडा. आमच्यात पोहता येणारं कोणीही नाही, आणि आठ वर्षांची एक मुलगी आहे. तुमच्या नियमात वाकडंतिकडं करा असं मी म्हणत नाही. आमच्यासारख्यांसाठी दुसरं काही आहे का, एवढंच विचारते."

पलीकडची बाई हसली. "हे फोनवर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे नदीत पडल्यावर सांगतात."

आणि तिला आठवलं. नदीचा खालचा टप्पा होता, शांत, छोट्या लाटांचा. तिथे पोहता येण्याची अट नव्हती, दोन बचाव-नावा कायम सोबत असायच्या. अट वेगळीच होती. सुरुवातीला संथ पाण्याचा एक डोह होता. प्रत्येकाने जॅकेट घालून त्यात उतरायचं, पाठीवर पडून, पाय पुढे करून, दहा आकडे होईपर्यंत तरंगायचं. लहान असो, मोठा असो, ज्याने हे केलं नाही तो राफ्टमध्ये बसणार नाही. "गेल्या आठवड्यात एक पहिलवान काठावर बसून होते," बाई म्हणाली.

सहल एक आठवडा पुढे गेली आणि त्या आठवड्यात तिकीटबाईंनी सगळ्या घराला तलावावर नेलं. खिडकीतल्या दुसऱ्या बाईंकडून सगळ्यांची रीतसर तिकिटं काढली, सगळ्यांना टोप्या घातल्या आणि शिट्टीच्या हवाली केलं. मुलाने आधी तलावाची खोली मोजून घेतली, पाटीवर विश्वास नाही म्हणून. चष्मेवाले चष्म्यासकट तरंगले. भाऊजींना आडवं करता करता शिट्टीच्या नाकी नऊ आले. "मी उभ्यानेच तरंगतो, ते चालणार नाही का?" ते विचारत होते. पण तिसऱ्या दिवशी तेही आडवे झाले, आणि मग त्यांना उठवणं अवघड झालं.

भिंगरी तेवढी पायऱ्यांवरून पुढे आली नाही. दुसऱ्या पायरीवर, पोटऱ्यांपर्यंतच्या पाण्यात उभी राहायची. "मी नंतर," म्हणायची. आजीशी ती बोलायची, पण विचारलं तेवढंच. तिकीटबाई मनातून खचल्या होत्या. आपल्या खोट्याने या पोरीला मिळालेलं धाडस आपण खरं बोलून काढून घेतलं, आता द्यायला दुसरं काय आहे आपल्याकडे, हे त्यांना कळेना. सून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. ती नदीत पडली असती." ते त्यांना पटत होतं, तरी पायरीवर उभ्या असलेल्या भिंगरीकडे त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

नदीवर पोचले तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. डोह हिरवा आणि गप्प होता, त्याच्या पलीकडे पाणी खळखळत वळण घेत होतं. नाकावर पांढरं मलम फासलेला गाइड कमरेभर पाण्यात दोर घेऊन उभा राहिला आणि त्याने एकेकाला बोलावलं. मुलगा तरंगला, सून तरंगली, चष्मेवाले तरंगले. भाऊजींनी 'एक' ते 'दहा' एका दमात उरकले, तेव्हा गाइडने त्यांना पुन्हा मोजायला लावलं. काठावर दोघीच उरल्या, तिकीटबाई आणि भिंगरी. दोघींच्या अंगात केशरी जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. भिंगरी एका दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"मी इथेच थांबते," ती म्हणाली.

तिकीटबाई तिच्या शेजारी बसल्या. "बरं."

भिंगरीने विचारलं, "आजी, तुला खरंच अजिबात येत नाही?"

"अजिबात नाही."

"मग भीती नाही वाटत?"

"वाटते तर. हात बघ माझे."

भिंगरीने त्यांचे हात हातात घेऊन बघितले. गार पडले होते आणि बारीक थरथरत होते. तिने ते उलटे करून पुन्हा बघितले. मोठ्या माणसाचे हात भीतीने थरथरतात हे तिला बहुधा माहीत नव्हतं.

"मग कशाला उतरतेस?"

"तुझ्याबरोबर बसायचंय म्हणून. आणि या वेळी माझं मलाच करायचंय. मागच्यासारखं कोणी लिहून देणार नाही." त्या उठल्या. "तू ये किंवा येऊ नकोस. मी उतरतेय. फक्त आकडे मोठ्याने मोज, मला पाण्यात काही ऐकू येत नाही."

पाणी तलावातल्या पाण्यासारखं मुळीच नव्हतं. ते गार होतं, जिवंत होतं आणि त्याला तळ दिसत नव्हता. कठडा नाही, शिट्टी नाही. क्षणभर वाटलं की वळावं आणि सरळ दगडावर जाऊन बसावं. मग त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि पाण्याला त्याचं काम करू दिलं. पाय वर आले. जॅकेटने खांदे उचलले.

काठावरून भिंगरीचा आवाज आला. "एक! दोन! तीन!" चारपर्यंत तो बसल्या जागेवरून येत होता. पाचला ती उभी राहिली असावी. सातला तो पाण्याजवळून आला, आठला आणखी जवळून. "नऊ! दहा! आजी, झालं! दहा झाले! डोळे उघड!"

तिकीटबाईंनी डोळे उघडले तेव्हा भिंगरी कमरेपर्यंत पाण्यात होती. कधी उतरली हे तिचं तिलाही कळलं नसावं. गाइडने तिच्या पाठीखाली हात धरला, ती मागे झुकली आणि आता मोजायचं काम तिकीटबाईंचं झालं. त्यांनी एकही आकडा गाळला नाही.

राफ्टमध्ये बसताना मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून तो चौकटीचा कागद बाहेर काढला आणि कोण कुठे ते सांगायला सुरुवात केली. गाइडने त्याच्याकडे सहानुभूतीने बघितलं. मग विचारलं, "छोटीजवळ कोण बसणार? जरा भक्कम माणूस द्या."

"माझ्याजवळ आजी," भिंगरी म्हणाली. "तिला पोहता येत नाही ना, म्हणून. मी तिच्याकडे लक्ष देईन."

मुलाने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली. राफ्ट काठावरून सुटली, डोहाच्या टोकाशी पाणी खळखळू लागलं. भिंगरीने आजीचा हात उचलला, बाजूच्या दोरावर नेऊन ठेवला आणि एकेक बोट स्वतः मिटवलं.

"असं धर," ती म्हणाली. "लाट आली तरी सोडायचं नाही. मीपण धरते."

तिकीटबाईंनी मान हलवली आणि दोर धरला. त्यांच्या मुठीला लागून दुसरी एक छोटी मूठ होती, आणि तीही घट्ट मिटलेली होती.